पाठमोऱ्या बाई

चित्र काढायला शिकवणाऱ्या बाई पुष्कळ शाळांत असतात. या बाई चित्र बघायला शिकवायच्या, आणि शिकवताना स्वतः चित्राकडे पाठ करून बसायच्या. पोरांनी नाव ठेवलं, पाठमोऱ्या बाई. हे त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "जे दिसतं तेच ठेवलंय ना? मग तक्रार कसली?"

व्हरांड्याच्या टोकाला त्यांची खोली होती. पूर्वी तिथे मोडकी बाकं रचून ठेवत. बाईंनी ती खोली मागून घेतली, झाडली, धुतली, आणि त्यांच्या नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी येऊन रंगवून दिली. समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार ताणलेली. तारेला दोन चिमटे. त्या चिमट्यांना रोज एकच चित्र लागायचं. दुसरं शोभेचं काहीही भिंतीवर लावायला बाईंची बंदी होती. डोळ्याला एका वेळी एकच काम द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

चित्र टांगलं की त्या वळायच्या आणि पोरांकडे तोंड करून स्टुलावर बसायच्या.

"मला आता चित्र दिसत नाही. तुम्हाला दिसतं. मला दाखवा."

पहिल्या फेरीत फक्त दिसतं ते सांगायचं. 'वाटतं' या शब्दाला दाराबाहेर उभं राहायची शिक्षा. कुणी म्हणालं, "बाई, म्हातारा दुःखी आहे," की बाई लगेच विचारायच्या, "दुःख कुठे दिसलं? कुठल्या रंगाचं होतं?"

वर्ग खिदळायचा.

"मान खाली आहे त्याची."

"हां. मान खाली आहे हे दिसलं. आता, मान खाली का असू शकेल?"

"दुःख झालं असेल."

"आणखी काय असू शकेल?"

"चप्पल शोधत असेल."

"आणखी?"

"पेंगला असेल. आमचे आजोबा तसेच बसतात."

"छान. आता परत चित्रात जा आणि बघा, यातल्या कशाला आधार मिळतो. कशावरून ते सांगायचं. नाही सांगता आलं तर सोडून द्यायचं."

काय दिसतं, कशावरून, आणखी काय असू शकेल. एवढे तीन प्रश्न घेऊन बाईंनी नोकरी काढली. ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं. पोरगं चुकतंय हे दिसत असताना तोंड मिटून बसायला अंगातली ताकद लागते. तासभर बोलून दमणारे मास्तर पुष्कळ असतात. तासभर न बोलता दमून घरी येणाऱ्या या एकट्याच.

तासाच्या शेवटी त्या वळायच्या, चित्र बघायच्या आणि सांगायच्या, तुमच्या सांगण्यावरून माझ्या डोक्यात जे तयार झालं त्यात आणि यात काय जुळतं, काय नाही. पोरं या क्षणाची वाट बघत असायची. बाई वळल्या की वर्गात पंख्याचाच काय तो आवाज.

चित्रं मिळतील तिथून यायची. जुनी कॅलेंडरं, मासिकं, औषधाच्या दुकानातल्या जाहिराती, रद्दीतली वर्तमानपत्रं. ती पुठ्ठ्यावर चढवायचं काम नवऱ्याचं. तो रंगारी होता. उमेदीत उंच इमारतींना बाहेरून रंग दिला, गुडघे गेल्यावर घराघरांतून आतलं काम केलं, आणि आता हात शिवशिवतात म्हणून बायकोचे पुठ्ठे करत बसायचा. मैद्याची खळ स्वतः शिजवायचा. गुठळी राहिली तर ओतून द्यायचा आणि पुन्हा शिजवायचा. कागद मधून कडेकडे दाबत न्यायचा, वर फळी, फळीवर रंगाचे भरलेले डबे, आणि पुठ्ठा वाळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. पुठ्ठा वाकला तर त्याला जेवण गोड लागत नसे.

"अहो, शाळेतली पोरं चित्र बघणार आहेत, पुठ्ठा नाही," बाई म्हणायच्या.

"भिंत वाकडी असली की रंगही वाकडाच दिसतो," तो म्हणायचा. विषय संपला.

पहिल्यांदा बाईंना वाकडी दिसली ती स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. मधोमध फुगल्यासारखी.

"अहो, ही चौकट वाकलीय बघा. पाणी मुरतंय वाटतं."

त्याने बघितलं. माळ्यावरून ओळंबा काढला, चौकटीला लावून दाखवला. दोरी आणि लाकूड यात वरपासून खालपर्यंत सारखंच अंतर. चौकट सरळ होती. बाईंनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. मग स्टुलावर बसल्या.

डॉक्टरांनी फार गोल गोल सांगितलं नाही. बघतो त्याच्या मधोमधचा भाग पुसट होत जाईल. कडा राहतील. आंधळं व्हायचं नाही, पण समोरच्याचा चेहरा बघायला गेलं की तिथेच डाग असेल. गेलेलं परत यायचं नाही.

घरी येताना बसमध्ये नवरा म्हणाला, "शाळेत सांगून टाक."

"काय सांगू? बघायला शिकवणाऱ्या बाईंना दिसत नाही म्हणून?"

"मग सोड."

"हा वर्ग पुरा होऊ दे. अहो, मला चित्रं पाठ आहेत सगळी. आणि मी तर पाठ करूनच बसते." मग खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "एक मात्र ठरवते. माझ्यामुळे एखाद्या पोराला नसलेलं दिसायला लागलं, की त्या दिवशी थांबेन. मग तुम्ही सांगायची वाट बघणार नाही."

त्यानंतर बाई डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघू लागल्या. चित्र एका बाजूला असेल तर गुळगुळीत कागद बोटाला कळायचा. पण बरेचसे पुठ्ठे दोन्ही बाजूंनी वापरलेले होते, पुठ्ठा वाया जाऊ नये म्हणून. त्यांची सुलटी बाजू कशी ओळखायची? नवऱ्याने युक्ती काढली. सुलटी बाजू आपल्याकडे धरली की वरच्या उजव्या हाताचा कोपरा तिरपा कापलेला लागेल. डावा लागला तर पुठ्ठा उलटा. सुट्टीत त्याने जुने पुठ्ठे टाकून सगळी चित्रं नव्यावर चढवली आणि कोपरे कापून दिले. शाळेत कुणाला काही कळलं नाही.

त्या वर्गात दोन पोरं नजरेत भरण्यासारखी होती. एक वकील. चिकटपणे भांडायचा म्हणून हे नाव. दुसरी होबाई. ती काहीही विचारलं तरी "हो बाई" म्हणायची. खिडकी बंद करू का, हो बाई. उघडू का, हो बाई. बारीक आवाजाची, शेवटच्या बाकावरची पोरगी. बाकीचे मास्तर म्हणायचे, गुणी आहे. बाईंना तिचीच काळजी होती. वकिलाचं जगात कसंही भागेल. ही मात्र कुणीही काहीही दाखवलं तरी हो म्हणत जाईल. वर्षभर बाई तिला गोंजारत होत्या. अलीकडे कुठे ती आपलं आपण एखादं वाक्य बोलायला लागली होती.

त्या दिवशी बाईंनी आपलं सगळ्यात आवडतं चित्र नेलं. एका सलूनचा मासिकातला फोटो. खुर्चीत अंगाभोवती कापड गुंडाळलेलं गिऱ्हाईक, मागे कात्री धरलेला न्हावी, समोर मोठा आरसा. आणि त्या आरशात, दुकानाच्या दारात उभी असलेली एक बाई. फोटोत ती कुठेच नाही. फक्त आरशात. हातात मिटलेली छत्री. पोरांना ती सापडायला अर्धा तास जायचा, आणि सापडली की वर्ग उसळायचा. मासिकाच्या शेजारच्या पानावर त्याच दुकानाचा थोड्या वेळाने घेतलेला दुसरा फोटो होता. सगळं तेच, फक्त दार रिकामं. तो पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला होता. तो पुढच्या आठवड्याला लावून विचारायचं, ती कुठे गेली असेल, आणि कशावरून?

बाईंनी वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. कापलेला. चिमटे लावले, वळल्या, बसल्या.

पोरांनी सुरुवात केली. खुर्ची. कापड. कात्री. बाटल्या. घड्याळ, पण त्यात आकडे उलटे, म्हणजे ते आरशात आहे, हे वकिलाने सांगितलं आणि शाबासकी घेतली. अर्धा तास झाला. छत्रीवाली येईना.

"आरशात आणखी काय दिसतं?"

"दार, बाई. उघडं."

"दारात?"

"ऊन."

"नीट बघा."

बाकं सरकली. वकील उठून तारेपाशी गेला. कागदाला नाक लावलं असणार, कारण आवाज भिंतीकडून आला. "दारात कुणी नाही, बाई."

"आहे."

"नाही हो बाई. शपथ."

"अरे, तू जन्मायच्या आधीपासून मी हे चित्र बघतेय! दारात एक बाई उभी आहे. कुणाला दिसते?"

या खोलीत असं वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बाईंनाही ते तोंडातून गेल्यावर ऐकू आलं. पण गेलं होतं.

मग शेवटच्या बाकावरून बारीक आवाज आला. "हो बाई. मला दिसते."

"शाबास!" बाईंचा जीव भांड्यात पडला. "बघा, हिला दिसली. सांग गं, तिच्या हातात काय आहे?"

शेवटचं बाक करकरलं.

"पिशवी."

बाई स्टुलावरून उठल्या. चित्राजवळ गेल्या, मान तिरपी केली आणि डोळ्याच्या कडेने आरसा धरायचा प्रयत्न केला. निसटला. पुन्हा धरला. दाराचा उजळ चौकोन आला. रिकामा होता. पुठ्ठा उलटा टांगला होता. पोरं बरोबर होती, सगळीच्या सगळी, एक सोडून. आणि त्या एकीला त्यांनी स्वतः हाताला धरून तिथे नेलं होतं.

"वकील," त्या म्हणाल्या, "तू बरोबर आहेस. दारात कुणी नाही. चुकले मी."

घंटा झाली. पोरं गेली. कुणी दंगा केला नाही.

बाई खोलीतच बसून राहिल्या. बसमध्ये बोललेलं आठवत होतं. आता हेडसरांकडे जायचं आणि सांगायचं, एवढंच उरलं होतं.

दारात कुणीतरी उभं राहिलं. बाईंनी मान वळवली तर मधोमध डाग, कडेला दोन वेण्या.

"मी खोटं बोलले बाई," होबाई म्हणाली. "मला दिसत नव्हती."

"माहीत आहे बाळा. चूक तुझी नाही. मीच दटावलं."

"दटावलं म्हणून नाही बोलले."

"मग?"

"सगळे नाही म्हणत होते. तुम्ही एकट्या पडला होतात." तिने दाराची कडी हलवली. "तुम्हाला दिसत नाही ना बाई?"

बाईंच्या तोंडून, इतक्या वर्षांची सवय, निघून गेलं, "कशावरून?"

आणि ती पोरगी सांगायला लागली. त्याच बारीक आवाजात, एकेक करून, जसं चित्राबद्दल सांगावं. "तुम्ही माझ्याशी बोलता तेव्हा माझ्या कानाकडे बघता. आधी मला वाटलं, कानात काही आहे का. मी घरी जाऊन आरशात बघितलं. मग वकिलाशी बोलताना बघितलं, त्याच्याही कानाकडे. चित्र लावायच्या आधी तुम्ही कोपरा चाचपता. हजेरी आता पाठ म्हणता. मधल्या बाकावरचा मुलगा शाळा सोडून गेला तरी त्याचं नाव घेतलंत. आणि तुम्ही वळून चित्र बघायचात तेव्हा आधी गप्प राहायचात. आता लगेच बोलता."

"आणखी काय असू शकेल?" बाईंनी विचारलं.

"मान दुखत असेल असंही वाटलं होतं. आमच्या आईची दुखते. पण मानेचा आणि कोपऱ्याचा काय संबंध? म्हणून सोडून दिलं."

बाई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. वर्षभर ज्या पोरीला बोलतं करायचं म्हणून झटल्या, ती पोरगी वर्षभर बघत होती. तीन प्रश्न घेऊन, शेवटच्या बाकावरून, त्यांनाच.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही बाई."

"का?"

"तुम्ही लपवत होतात ना. कशावरून, तर…"

"पुरे, पुरे," बाई म्हणाल्या. "कळलं."

घरी नवरा फळीवरचे डबे उतरवत होता. बाईंनी पिशवीतून सलूनचा पुठ्ठा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"कोपरे बघा."

त्याने बघितले. दोन्ही कापलेले. अगदी एकसारखे, एकाच कोनात, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेले.

"अहो, दोन्ही कापलेत?"

"बाकीच्यांचा एकेकच कापला," तो म्हणाला. "पण हा तुझा आवडता. एकच कोपरा उंदराने खाल्ल्यासारखा दिसत होता. म्हटलं, हा तरी नीट दिसू दे." बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं. पुठ्ठा हातात धरून तो तसाच खाली बसला, दुखऱ्या गुडघ्यांचा विचार न करता. "म्हणजे आज…"

बाईंनी सगळं सांगितलं. छत्री, पिशवी, कान.

"चूक माझी," तो म्हणाला. "तू कशाला नोकरी सोडतेस? उद्या मी येतो शाळेत, सांगतो सगळ्यांना."

"काय सांगाल? माझ्या नवऱ्याला नीटनेटकेपणाचा रोग आहे?"

"तेच सांगतो."

"कोपऱ्याची चूक तुमची. खोटं माझं. तुमचा एक कोपरा जास्त कापला गेला, मी तर सगळं दिसतंय म्हणून रोज वळत होते." त्यांनी त्याच्या हातातला पुठ्ठा घेतला. "ठरवलं होतं, असं झालं की थांबायचं. पण अहो, ती पोरगी डोळ्यांदेखत नसलेलं कबूल करून गेली आणि नंतर आपण होऊन परत आली. तिला असं अर्ध्यात सोडून कुठे जाऊ?"

"मग काय करशील?"

"थांबेन. वळायचं थांबेन."

त्याला नीट कळलं नाही. पण त्याने कात्री आणली आणि नवा पुठ्ठा मापायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बाई आधी हेडसरांकडे गेल्या आणि डोळ्यांबद्दल सगळं सांगितलं. हेडसर भले गृहस्थ होते, आणि भल्या माणसांना अशा वेळी काय बोलावं ते कळत नाही. त्यांनी पेन उघडलं, मिटलं.

"बाई, मनाला लावून घेऊ नका. पण बघण्याचा तास, आणि तुम्हाला… म्हणजे, कसा घेणार?"

"आज मागे येऊन बसा. जमत नाही असं दिसलं तर मी संध्याकाळी पिशवी भरते. फक्त, दिसलं पाहिजे. वाटून चालणार नाही."

वर्गात त्यांनी पोरांनाही सांगितलं. मधलं दिसत नाही, कडा दिसतात, पुठ्ठ्याचा कोपरा चुकला, आणि चूक स्वतःची असताना त्या पोरांवर ओरडल्या हे सगळं. वकील म्हणाला, "मग काल मी जिंकलो ना बाई?" मागून कुणीतरी त्याला चापट मारली.

"जिंकलास. आज चित्र तू लाव. मी न बघितलेलं आणलंय." नवऱ्याने सकाळी रद्दीतून काढून दिलेला तो फोटो होता, आणि त्यात काय आहे ते सांगायला बाईंनी त्याला बंदी केली होती.

मग बाईंनी स्टूल उचललं. या खोलीत पहिल्यांदाच ते भिंतीपासून हललं. शेवटच्या बाकापाशी, होबाईच्या शेजारी त्यांनी ते ठेवलं आणि चित्राकडे तोंड करून बसल्या.

"मधलं तुम्ही सांगा. कडा मी बघते. मला पाठ नाही, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवू नका."

सुरुवात अडखळत झाली. बाजाराचा फोटो होता. फळांच्या राशी, तराजू, एक माणूस हात वर करून उभा.

"भांडतोय तो," मागून हेडसर म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

"सर," वकील उठून उभा राहिला, "भांडण दिसत नाही. हात वर दिसतो. वाटतं म्हणालात तर बाहेर उभं राहायला लागतं."

वर्गात हशा पिकला. हेडसर कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "हात वर आहे. मग… कुणाला तरी बोलावत असेल?"

"आणखी काय असू शकेल, सर?"

सर खुर्ची ओढून पुढे आले. घंटा झाली ती त्यांनी ऐकलीच नाही. नंतर ते बाईंना एवढंच म्हणाले, "उद्या कुठलं चित्र आहे?" पिशवी त्या दिवशी भरली गेली नाही.

पण त्याआधी, तासाच्या मध्यावर, सगळी पोरं त्या हात वर केलेल्या माणसाला चिकटून बसली असताना बाई मान तिरपी करून चित्राच्या कडेकडेने फिरत होत्या. मधोमध त्यांना काहीच नव्हतं, म्हणून त्यांची नजर तिथे अडकत नव्हती. खालच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी होतं. तिकडे अजून कुणी गेलंच नव्हतं.

"खाली डावीकडे," त्या म्हणाल्या, "तिथे कुत्रा झोपलाय का रे?"

सगळ्या माना खाली वळल्या. वकील तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून बारीक आवाज आला.

"नाही बाई."

बाई हलल्या नाहीत.

"कुत्रा नाही. सावली आहे ती. कुणीतरी चित्राच्या बाहेर उभं आहे, त्याची."

"कशावरून?" बाईंनी विचारलं आणि ऐकायला नीट सावरून बसल्या.